डोंगरावरची मुलाखत

गणित शिकलेल्या माणसाला आमच्या कोरियात, सोलमध्ये, नोकरी शोधावी लागत नाही, नोकरीच त्याला शोधत येते! बँका, विमा कंपन्या, झाडून सगळ्यांना आम्हीच हवे असतो. हे मी आईला सांगितलं आणि तिने आख्ख्या इमारतीला. आता नोकरी नाही मिळाली, तर मला लिफ्टने जायची सोय उरणार नव्हती.

एका विमा कंपनीच्या लेखी परीक्षेत मी पहिला आलो. राहिली होती फक्त मुलाखत, आणि ती होती डोंगर चढता चढता! आमच्याकडे काही कंपन्यांना ही हौस असते. सोबत खुद्द अध्यक्ष चढणार होते, पण ते कोण हे कुणी सांगणार नव्हतं.

ग्वानाक डोंगराच्या पायथ्याशी बघावं तर सगळे एकाच छापाचे. तीच टोपी, तीच काठी, तसंच भडक जाकीट! बाकीचे उमेदवार गोंधळले. मी गणितवाला! ज्याचे बूट सर्वांत फाटके आणि जो सर्वांत गप्प, तोच अध्यक्ष, असं मी मनातल्या मनात सिद्ध करून टाकलं. त्या आजोबांची पिशवी पाठीवर घेतली, त्यांना काकडी सोलून दिली, टोपीने वारासुद्धा घातला. वाटेत दगडावर धापा टाकत बसलेल्या एका ढोल्या काकांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

"हे आजोबांसाठी ठेवलंय," मी म्हणालो. "तुम्ही जरा पोट कमी करा काका, तहान कमी लागेल."

आजोबा खुदकन हसले. नेमणूक झाल्यातच जमा होती!

शिखरावर फोटोसाठी सगळे जमले. कंपनीच्या बाईंनी कमरेत वाकून मधली जागा दिली ती ढोल्या काकांना. मग बाईंनी मला विचारलं, "हे आजोबा कोण?"

"मी रोज येतो इथे," आजोबाच म्हणाले. "पोरगा गुणी आहे. पिशवी घे म्हणावंसुद्धा लागलं नाही."

अध्यक्ष माझ्याकडे बघत सावकाश पाणी पीत राहिले.

उतरताना आजोबांनीच धीर दिला. पायथ्याशी त्यांचं तळलेल्या कोंबडीचं दुकान होतं आणि एक जागा रिकामी होती. मी लाज गुंडाळून ठेवली.

"आजोबा, मी गणितातला पदवीधर आहे."

"तसे तिघं आहेत माझ्याकडे. मला धरून चौघं," ते म्हणाले. "तुला तळता येतं का?"

काय सांगणार? आमच्या अभ्यासक्रमात तळणं नव्हतं हो!