राठोड सरांचा सूर्य

घाटंजीत आमच्या गल्लीत नवा माणूस राहायला आला, की राठोड सर त्याचं नावगाव विचारत नाहीत. फाटकातच अडवून विचारतात, "सूर्यापेक्षा त्याच्या भवतालची हवा जास्त तापते. सांग, काहून?"

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. ते निवृत्त झाले, प्रश्न काही झाला नाही. "चुलीपासून दूर सरकलं तं झळ कमी लागाले पाह्यजे ना? सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश, अन् वरची हवा दहा लाखांच्या वर! काय होऊन राह्यलं हे?"

माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी वाढप्यालाच गाठलं. तो बिचारा वरणाची बादली घेऊन विचारात पडला आणि पुढची अख्खी पंगत कोरड्या भाताकडे बघत बसली. शेवटी नवरदेवाचा मामा असूनही बादली मलाच घ्यावी लागली.

उत्तर चुकलं तर सर खूश होतात. "नाही जमलं. बस, चहा घे, विचार कर." मग तासभर सुटका नाही. मीही रोज संध्याकाळी नवं चुकीचं उत्तर घेऊन जायचो.

परवा मोबाईलवर एक लेख वाचला आणि धावतच त्यांच्याकडे गेलो. खुंटीवरचं जुनं दावं काढून एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"पिळा, सर. सूर्यावर चुंबकीय रेषा असतात. खालचा वायू खदखदते, तशा त्या पिळल्या जातात. मंग तुटतात, पुन्हा जुळतात, अन् त्या झटक्यानं प्लाझ्माचे फवारे उडतात, वरची हवा तापते!"

एवढ्यात दावं खरंच तुटलं आणि सर मागच्या बाजेवर आपटले. मी हसलो. ते हसले नाहीत.

"म्हंजे सापडलं उत्तर?"

"बरंचसं. काही जण म्हणतात, लाटांचाही हात आहे त्यात."

सर हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं पुण्याला. घरात दुसरा आवाज नाही.

"मंग आता तू कायले येशीन माह्याकडं?"

मी माझ्या हातातला तुकडा खाली ठेवला.

"सर, मी काय सूर्यासाठी येत होतो का?"

बाजेवर थोडं सरकून सरांनी माझ्यासाठी जागा केली.