खापरेकाकांचा सोवळा बार

खापरेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फर्निचर ठोकून पाहतात, मग माणसांची चौकशी करतात. बोटं वाकवून टक टक, कान तिरका, डोळे मिटलेले. आम्ही रायपूरला तेलीबांध्याच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी माझं नवंकोरं डायनिंग टेबल असं तपासलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाले, "भुसा आहे भैया. पाण्याले जपा." पुढच्याच आठवड्यात माझ्या हातून त्यावर पाण्याचा जग सांडला आणि टेबल पुरीसारखं फुगलं. तेव्हापासून मी काकांना मानतो.

काका मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. सरकारी कार्यालयं नव्या रायपूरला हलली तेव्हा जुन्या इमारतींतली टेबलं-कपाटं गुढियारीच्या भंगारवाल्या कबाड्यांकडे येऊन पडली. इतरांना नवी राजधानी दिसत होती, काकांना सागवान दिसत होतं. "जान आहे यात," म्हणत ते एकेक वस्तू उचलून आणत आणि काकू दारातच विचारत, "आता हे कुठं निजवता?"

एका सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"भैया, तुम्ही बारमंदी जाता ना?"

मी दचकलो. विचारणारा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचल्याशिवाय घेत नाही.

"क्वचित," मी म्हणालो.

"मंग सांगा, काउंटर केवढा उंच राहते? घरी बार बनवून राहिलो."

कारणही त्यांनी लगेच सांगून टाकलं. त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं, बंगळुरूला कोलकात्याच्या अनिर्बाणशी लग्न केलं होतं. त्या लग्नाला काका गेले नव्हते. कुणी विचारलं तर "सुट्टी नाही भेटली" म्हणत. तेव्हा त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. आता या दिवाळीला दोघं पहिल्यांदाच घरी येणार होती आणि पल्लवी फोनवर सहज बोलून गेली होती, की अनिर्बाणच्या घरी छोटासा बार आहे, तो आणि त्याचे वडील संध्याकाळी तिथं बसूनच काय ते बोलतात.

"म्हणजे जावई बोलते तो बारवर," काका म्हणाले. "आन् आपल्या घरी बारच नाही. मंग बिचारा माह्याशी बोलन कुठं?"

माझा बारचा अनुभव म्हणजे मित्रांच्या मागे, भिंतीला चिकटून फुकटचे शेंगदाणे खाण्याचा. पण सल्ला मागितल्यावर गप्प बसण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. काउंटर बरोबर माझ्या छातीइतका उंच हवा, असं मी ठामपणे सांगितलं. मी ताडमाड आहे आणि काका माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

काउंटर आला तो कुठल्याशा जुन्या कार्यालयाचा. काकांनी वरची जाळी काढली, 'भोजन अवकाश'ची, म्हणजे जेवणाच्या सुट्टीची, पाटी मात्र शोभेला ठेवली. बाटल्यांसाठी एका होमिओपॅथचं काचेचं कपाट आलं. त्याच्या खणांना अजून गोड गोळ्यांचा वास होता. बसायला शाळेच्या प्रयोगशाळेतली स्टुलं, पाय टेकायला सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या भंगारातला लोखंडी पाइप. रंधा, पॉलिश सगळं झाल्यावर काका ऐटीत काउंटरमागे जाऊन उभे राहिले आणि दिसेनासे झाले. टक्कल तेवढं चमकत होतं. शेवटी मागे जेवणाचा पाट ठेवला, त्यावर ते चढले आणि हनुवटीपर्यंत उगवले.

"उंची बराबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," मी म्हणालो.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. काकूंनी करवत, रंधा, मिक्सर आणि स्कूटर यांच्याबरोबर हौसेनं बारचीही केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. काका खूश होऊन पाहत होते. मग काकू शांतपणे म्हणाल्या, "आता याच्यावर उष्टा गिलास ठेवाचा नाही."

"अवो, बार आहे तो."

"पूजेले बसला ना? मंग झालं."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, गणपतीसारखी उत्तरपूजा करून टाकू, म्हणजे मोकळा होईल. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आन् मंग? तलावात बुडवाले नेता काय?"

दिवाळीपर्यंत काकांनी त्यांना सतरा प्रकारे विनवलं. काकू हलल्या नाहीत. "एवढा खटाटोप केला," काका मला म्हणायचे, "आन् पोट्टा उभ्या उभ्या निघून जाईन."

पल्लवीबरोबर अनिर्बाण आला. उंच, लाजाळू, कमी बोलणारा. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काका पाटावर चढले, जावई समोर स्टुलावर बसला. ग्लास बारला लागू नये म्हणून ट्रे धरायला माझी नेमणूक झाली होती.

"क्या लेंगे?" काकांनी विचारलं. आवाज थेट पार्सल ऑफिसातला.

अनिर्बाणनं बोटानं एक बाटली दाखवली. अनिर्बाण घोट घ्यायचा, ग्लास धरून इकडेतिकडे पाहायचा, मी भालदारासारखा पुढं व्हायचो, तो ग्लास ट्रेत ठेवायचा. काका झेंडूच्या माळेवरून त्याच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी अनिर्बाणनं मला हळूच विचारलं, "भैया, आप बैठते क्यों नहीं?"

मी त्याला पूजेचं सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो उठला, वळसा घालून काउंटरमागे गेला आणि बारला पाठ टेकून चक्क जमिनीवर बसला. "बाबा, नीचे तो रख सकते हैं न?"

काका पाटावरून उतरून त्याच्या शेजारी बसले. आता माझ्या बाजूनं नुसता बार दिसत होता, माणूस एकही नाही. फरशीवर ग्लास टेकल्याचं ऐकू आलं. मग अनिर्बाणचा आवाज आला.

"शादी में हमने आपकी कुर्सी रखी थी, बाबा. आगे वाली लाइन में. किसी को बैठने नहीं दिया."

"लकड़ी की थी?"

"नहीं. प्लास्टिक की."

"मंग मी बसलोच नसतो," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात पल्लवीच्या हातातलं काहीतरी वाजायचं थांबलं.

"बसलो असतो," काका म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "प्लास्टिकच्या बी बसलो असतो. लग्नाले याले पाहिजे होतं मी."

"समझ गया, बाबा," अनिर्बाण म्हणाला. आणि मग दोघं एकदमच काहीतरी बोलायला लागले, थांबले, पुन्हा एकदमच लागले.

मी ट्रे घेऊन तसाच उभा होतो. काकू आल्या, त्यांनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि दाराकडे मान वळवली.

"तुम्ही जा आता, भैया. त्याईले बसू द्या."