मोटारीवरचा चहा

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं येतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण शेजारच्या हिराजीकाकांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, म्हणून लिहिते.

हिराजीकाका चहा मागायचे आणि प्यायचे नाहीत. विजेच्या चालू मोटारीच्या पाठीवर कप ठेवून डोळे बारीक करून कपात बघत बसायचे. चहा थरथरला, की मोटार नीट बसलेली नाही. मग पाना घेऊन पुन्हा सुरू. चहावर साय धरली तरच काम पास. तो गार चहा मग सायीसकट एका घोटात संपवायचे.

काका मूळचे करंज्याचे कोळी. समुद्रावर न जाता तळोज्याच्या कारखान्यात मोटारी बसवण्यात जन्म गेला. का, विचारलं तर म्हणायचे, "बापाची होरी जल्मभर हालली. मना हालनारा काय पन बघवत नाय."

खिशात पत्र्याचे पातळ तुकडे कायम. कुणाकडे गेले की आधी खुर्ची हलवून बघायचे, डुगडुगली की पायाखाली तुकडा सरकवायचे. एका साखरपुड्यात तर नवऱ्यामुलालाच चौरंगावरून उठवलं. भटजी चिडले. काका म्हणाले, "चार पायांतला एक पाय नेमी खोटा बोलतो. तो आदी धरायचा."

माझे मालक गेल्यावर पिठाची गिरणी मी आणि सासूबाई चालवत होतो. दुकानांत तयार पिठाच्या पिशव्या आल्या आणि गिऱ्हाईक आटलं. त्यात मोटार जळली. नवी घ्यायला काकांनी न मागता पैसे आणून दिले. कुठले, ते काकींकडून कळलं. काकींना कंपवात होता.

"माज्या डाक्तरचे पैसे तुज्या मोटारीत फिरनार गो," काकी हसून म्हणाल्या. मला हसता आलं नाही. गिरणी चालली नसती तर त्या बाईचं औषध बुडालं असतं.

मुहूर्त दसऱ्याचा धरला. काकांनी मोटार सिमेंटच्या ओट्यावर बसवली, तिच्या पायांखाली पत्रे सरकवले, मोटारीच्या आणि गिरणीच्या चाकांना दोरी लावून दोन्ही एका रेषेत आणली. बोल्ट ढिलेच ठेवून ते जेवायला गेले. तेवढ्यात सासूबाई पूजेच्या तयारीला लागल्या. पायांखालून डोकावणारे तुकडे त्यांनी ओढून काढले, केरात टाकले आणि मोटारीला झेंडूचा हार घातला.

काका आले, बोल्ट आवळले, बटण दाबलं, कप ठेवला. चहा उडून हारावर पडला.

"काका, चहा पिऊन टाका, म्हणजे हलणार नाही!" डबा घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं. सगळे हसले.

काकांनी बटण बंद केलं. "हात कोनी लावला?"

"मी नुसतं झाडलं," सासूबाई म्हणाल्या. "किती घाण करून ठेवली होतीत!"

"म्हातारे, घान नवती ती! मोटारीच्या पायातले जोडे होते!"

"मग सांगून जायचं होतं!"

दोघं भांडत भांडत केराच्या ढिगात बसले आणि पाकळ्यांतून तुकडे वेचू लागले. संध्याकाळी एकदाची साय धरली.

गिरणी चालली. मी महिन्याला जमेल तसे पैसे देत गेले. त्या पैशांतून काका काकींना मुंबईला नेत. डॉक्टर म्हणाले, दुखणं वाढायचं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. काकांच्या घरात पलंग, बाक, मांडणी, सगळ्यांखाली पत्रे होते. काही म्हणजे काही हलत नसे.

शेवटचे पैसे द्यायला गेले, तेव्हा चहा काकीच घेऊन आल्या. बशीत कप वाजत होता. काका त्या कपाकडे तसेच डोळे बारीक करून बघत होते. मी उठून कप घेतला आणि पैसे काकींच्याच हातात दिले. नोटा सळसळायला लागल्या.

काकांनी आपला तळहात काकींच्या हाताखाली सरकवला आणि नोटा थांबायची वाट बघत राहिले.

"हिच्या कंच्या पायाखाली पत्रा घालू, सांग."

"गप ऱ्हावा, पोरीसमोर!" काकी म्हणाल्या.

"काका, मोजून घ्या," मी म्हणाले.

"बरोबर हायेत." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हातही काढला नाही.

माझे पैसे त्या दिवशी पुरते फिटले.