एका घोटाची ना हरकत

दारू सोडणं ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे. पण सोडलेल्या माणसाने राहायचं कुठे, हा मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थेचा विषय आहे. दारू पिणाऱ्या माणसाच्या राहण्याबद्दल कायद्यात, उपविधींत किंवा लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर कुठेही आक्षेप घेतलेला आढळत नाही. तो तिसऱ्या मजल्यावर राहू शकतो, समितीवर निवडून येऊ शकतो, सत्यनारायणाला यजमान म्हणून बसू शकतो. अडचण सोडल्यापासून सुरू होते.

रामनाथला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला, स्वतःच्या होडीचा मालक, आणि गेली कित्येक वर्षं होडीपेक्षा जास्त स्वतःच डोलणारा. उपचार केंद्रातून सुटताना त्याला सांगितलं गेलं, की औषधाचा भाग संपला, आता नुसतं न पिण्याचा भाग सुरू, आणि तोच अवघड. थेट घरी जाऊ नकोस, आपल्यासारख्यांच्या सोबतीने राहा. म्हणून तो चारकोपच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या ‘किनारा’ नावाच्या फ्लॅटमध्ये आला. तिथे त्याच्यासारखेच आणखी पाच जण होते आणि देखरेखीला वसुधाताई नावाच्या समुपदेशक होत्या. स्वयंपाक पाळीपाळीने, संध्याकाळी गोल बसून बोलणं, आणि बाहेरून आलं की दारातल्या यंत्रात फुंकणं, असा तिथला संसार होता. प्यायलेला आढळला त्याने त्याच दिवशी बाहेर पडायचं, हा नियम त्या सहा जणांनी स्वतःच हात वर करून केलेला होता. रामनाथचा हात सगळ्यात आधी वर गेला होता.

त्याची बायको अंजनाबाई चारकोपच्या बाजारात मासे विकायला बसायची. नवरा दोन गल्ल्या सोडून राहत होता, तरी ती एकदाच भेटायला आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली.

“नारली पुनवेपर्यंत सुका राहा. मंग घरी ये, होरीवर पाय ठेव. मधी प्यायलास तर मना तोंड दाखवू नको.”

रामनाथला ही अट न्याय्य वाटली. (कोळीवाड्यात सुकवलं तेच टिकतं, हा पिढ्यांचा अनुभव आहे.) तो दिवस ढकलत राहिला, आणि आषाढ सरत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सकाळी भूक लागते. ही गोष्ट तो विसरूनच गेला होता. पुनव जवळ येत होती आणि त्याला आतून आनंद होत होता, इतका की कुणाला सांगायचीही भीती वाटावी.

इकडे सोसायटीत किनाऱ्यातल्या मंडळींबद्दल फार चांगलं मत होतं. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणारा हा एकमेव फ्लॅट होता. जिन्यात भेटले की नमस्कार करायचे. कुणी त्यांना योगवाले म्हणायचं, कुणी कुठल्या तरी महाराजांचे शिष्य. मग एके दिवशी कुरिअरवाल्याने किनाऱ्याचं पाकीट चुकून सेक्रेटरी मार्तंडरावांच्या घरी टाकलं आणि त्यावर ‘व्यसनमुक्ती’ असा शब्द छापलेला निघाला. जोवर काही ठाऊक नव्हतं तोवर ही सहा माणसं सज्जन होती. ती पीत नाहीत असं कळलं आणि ती दारुडी ठरली.

मार्तंडराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, नेमस्त आणि कनवाळू गृहस्थ होते. त्यांनी तातडीची सभा बोलावली. सभेत पुढील बाबी गांभीर्याने मांडण्यात आल्या: ही माणसं रोज संध्याकाळी गोल बसतात आणि मधल्या टेबलावर काहीही नसतं; एकतीस डिसेंबरला यांच्या घरातले दिवे सर्वांत आधी मालवले गेले; हे कारणाशिवाय हसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी साश्रू नयनांनी सांगितलं की यांतला एक जण एकदा आपल्या हातची पिशवी वरपर्यंत घेऊन आला होता, आणि तेव्हा आपल्याला काहीच कळलं नाही. सभागृह हळहळलं.

उपाय म्हणून खजिनदार धवलने गेटवर बसवायला पोलिसांकडे असतं तसलं फुंकायचं यंत्र मागवलं. संस्था कायद्याने चालणारी असल्यामुळे नियम सर्वांना सारखा ठेवला गेला. ही घाई झाली. पहिल्याच शनिवारी यंत्राने नापास केलेल्यांत किनाऱ्यातला एकही नव्हता. व्यवस्थापन समितीचं प्रतिनिधित्व मात्र भरपूर होतं. रविवारी सकाळीच दुरुस्ती मंजूर झाली, आणि तिची भाषा मार्तंडरावांची असल्याने ती इथे जशीच्या तशी देतो: ‘ज्याने सोडलेलीच नाही, त्याची पुन्हा सुरू होण्याची भीती संभवत नाही, सबब अशा सभासदाची तपासणी म्हणजे यंत्राच्या सेलचा अपव्यय होय.’ तेव्हापासून गेटवर फक्त न पिणाऱ्यांना फुंकावं लागे.

रामनाथ दिवसातून दोनदा फुंकायचा, गेटवर आणि घरात. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाईट वाटायचं ते वसुधाताईंचं. अकरा महिन्यांचा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता आणि नव्या करारासाठी संस्थेचा ना हरकत दाखला लागणार होता. ताई जागा शोधत मालाडपासून बोरिवलीपर्यंत फिरून आल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी लोक उठून उभे राहत, कार्याचं कौतुक करत, पाणी देत, आणि मग दार लावून घेत.

आता इथे मार्तंडरावांच्या अधिकाराबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना दारू सोडण्याचा दांडगा अनुभव होता. ते दरवर्षी सोडत. श्रावण लागला की बंद, ते गणपती जाईपर्यंत. त्या काळात थेंबाला शिवायचे नाहीत. इमारतीतले बहुतेक पुरुष हाच शिरस्ता पाळत, आणि सोडणं म्हणजे काय हे त्यांना कुणी येऊन शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या मते सरळमार्गी माणूस सोडतो आणि पुन्हा धरतो. सोडून परत धरतच नाही, अशा माणसाचा भरवसा काय धरायचा, असं ते खाजगीत विचारत.

तर दाखल्यासाठी समितीने सर्व बाजूंनी विचार केला आणि शेवटी एकच उणीव राहिली असं ठरवलं: ही माणसं मिसळत नाहीत. श्रावणाच्या आदल्या दिवशी गच्चीवर संस्थेचा वार्षिक कार्यक्रम असे. (लोक त्या दिवसाला गटारी म्हणतात; पत्रिकेवर ‘दीप अमावास्या स्नेहसंमेलन’ छापतात. दीप पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.) किनाऱ्यातून निदान एक प्रतिनिधी यावा, म्हणजे सहजीवनाची भावना नोंदवता येईल, असा निरोप आला. वसुधाताई साफ नाही म्हणाल्या. दाखला नाही मिळाला तर नाही, आपण बघू काय ते, असं त्यांनी सहाही जणांना बजावलं. पण रामनाथने त्यांच्या चपलेकडे पाहिलं, झिजून टाच जमिनीला टेकलेली होती, आणि तो म्हणाला की मी फक्त मासे तळून येतो. ताईंनी त्याला दोनदा अडवलं आणि तिसऱ्यांदा अडवलं नाही. याचा दोष त्या अजून स्वतःकडे घेतात.

रविवारची दुपार होती. गच्चीवर ताडपत्री बांधलेली, खाली टेबलं, टेबलांवर ज्याला उद्यापासून मनाई ते सगळं. मासेमारीची बंदी असूनही सुरमई होती, बर्फातली का होईना. रामनाथने तुकडे हातात घेतले आणि त्याला कळलं की कापणारा हात अंजनाबाईचा आहे. एवढी सारखी तुकडी बाजारात दुसरं कुणी पाडत नाही. मार्तंडरावांच्या पत्नी कुंदाताई तिच्याकडूनच मासे आणत, आणि ती कुणाची बायको हेही त्यांना ठाऊक होतं. रामनाथला एकदम घरचं वाटलं आणि लगेच भीती वाटली. तो मान खाली घालून तव्यावर तुकडे सोडत राहिला.

पहिले दोन घाणे लोकांनी उभ्याउभ्याच संपवले. रामनाथ माणूस भला आहे, यावर एकमत झालं. मग मार्तंडराव पेला घेऊन आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे रामनाथ, उद्यापासून आपण सगळेच सोडतोय. आज घेतलीच नाहीस, तर उद्या सोडणार काय तू?”

“साहेब, मी सोडलीय.”

“तेच म्हणतोय ना मी. आदल्या दिवशी न घेता सोडली, तर ती सोडली असं धरत नाहीत रे. एक घोट. मानाचा. दाखला माझ्या खिशातच आहे, इथल्या इथे सही करतो.”

मार्तंडरावांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे स्पष्ट नोंदवलं पाहिजे. हा माणूस त्यांना खरोखर आवडला होता. आवडलेल्या माणसाला जवळ करण्याची त्यांना एकच रीत माहीत होती, आणि ती त्यांनी मनापासून वापरली. भोवती पंधरा-वीस जण हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. धवलने पेन काढून दिलं.

रामनाथने गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. किनाऱ्यातल्या सुबोधची मुलगी ऋता, हातात डबा घेऊन गेटमधून आत येत होती. सुबोध आधी कॉलेजात ग्रंथपाल होता. वर्षभर पोरगी बापाशी एक शब्दही बोलली नव्हती. आता रविवारी येऊन त्याच्या पानात जेवत असे. किनारा बंद झाला तर सुबोध कुठे जाईल, हे रामनाथला माहीत होतं. बाकीचे चौघे कुठे जातील, तेही माहीत होतं. आपण कोळ्याची जात, एवढ्याने काय बुडतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. हे सांगणारा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, फक्त या वेळी तो पाच जणांच्या भल्याचं बोलत होता.

त्याने घोट घेतला. टाळ्या झाल्या. मार्तंडरावांनी त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली.

खाली आल्यावर त्याने दाखला वसुधाताईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि यंत्र पुढे केलं. रामनाथने फुंकलं. ताईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. नियम सहा जणांचा होता, त्यामुळे मोडायचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी उपचार केंद्राला फोन लावला, तर तिथली खाट मंगळवारी रिकामी होणार होती. सुबोध म्हणाला, तोवर मी सोबत बाहेर राहतो. रामनाथने त्याला हाताला धरून पानावर बसवलं आणि एकटाच निघाला.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. सोसायटीतल्या सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे सोडली. रामनाथला तेवढं जमलं नाही.

त्याच सकाळी कुंदाताई बाजारात गेल्या. (मासे घ्यायचे नव्हते, श्रावण होता, फुलं घ्यायची होती.) अंजनाबाई दिसली तशा मुद्दाम थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “तुमचे मिस्टर किती मोकळे आहेत हो. काल आमच्याकडे घेतली त्यांनी, अगदी घरच्यासारखी.”

अंजनाबाईने पाण्याने हात धुतले.

“हां. घरी बी अशीच घ्यायचा,” ती म्हणाली.

नारळी पौर्णिमेला होडी सजली, समुद्राला नारळ वाहिला गेला, आणि होडीवर अंजनाबाईचा भाऊ चढला. रामनाथ किनाऱ्यातून निघाला होता आणि केंद्राच्या खाटेवर अजून पोचला नव्हता. सुबोध आणि वसुधाताई त्याला कोळीवाड्याच्या मागच्या गुत्त्यांतून शोधत होते.

संस्थेने मात्र माणुसकी सोडली नाही. पुढच्या सभेत दुखवट्यासारखा एक ठराव आला: रामनाथ यांस संस्थेने आपलं मानलं, परंतु त्यांचं मनोबल कमी पडलं, एका घोटाने एवढं होत नसतं, हे सभासदांच्या प्रदीर्घ अनुभवावरून सिद्ध आहे. मार्तंडराव बोलताना गहिवरले. गणपती जाईपर्यंत ते शब्दाला जागले, हेही सांगायला हवं.

ठरावाखाली सूचक म्हणून त्यांचंच नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी राहिली होती. पण गच्चीवर तो पेला पुढे आला तेव्हा, घे बाबा एक घोट आणि सोडव त्या पाच जणांना, असं तुमच्याही मनात येऊन गेलंच. म्हणून तिथे आम्ही तुमचं नाव घातलं आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी.