कावूनआण्णांची शर्यतीची गाडी

वडवणीत सोपानआण्णांना कुणी रामराम घातला, तर ते आधी मागं वळून बघतात. मागं कुणी नाही, म्हणजे रामराम आपल्यालाच आहे, अशी खात्री झाली की घालणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "कावून?"

आता रामराम का घातला, हे कुणाला सांगता येतं? समोरचा गोंधळतो आणि "सहज" म्हणतो. तिथंच आण्णांचा संशय पक्का होतो. "सहज काई नसतंय," असं म्हणून ते पुढं निघतात. गावानं त्यांचं नाव कावूनआण्णा ठेवलंय. अर्थात त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण मग त्याचंही कारण द्यावं लागेल.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानाला लागूनच आण्णांची पत्र्याची शेड आणि शेडमागं त्यांची दोन खोल्यांची जागा. आण्णा बसडेपोतून हेडमिस्त्री म्हणून निवृत्त झाले. बायको बारा वर्षांमागं गेली, मुलगी नांदेडला दिलेली. म्हणजे दिवसभराच्या संशयाला जवळचा माणूस म्हणून मीच.

माझ्याकडून झेरॉक्स काढली की ते बाकावर बसून मूळ कागदाशी ओळ न ओळ ताडून बघतात.

"आण्णा, मशीन आहे ते. चूक कशी करील?"

"तेच म्हंतो मी. मशीनला काय पाप लागतंय व्हय?"

आठवडी बाजारात मेथीवालीनं आपण होऊन भाव कमी केला, तर आण्णा जुडी खाली ठेवतात. "कमी कावून केला? कालची हाय का?" बाई चिडून भाव पुन्हा वाढवते, तेव्हा समाधानानं घेतात. माझ्या मुलीच्या बारशाचा पेढा त्यांनी आधी मोडून आत बघितला होता. डॉक्टरांनी तीन गोळ्यांऐवजी दोन लिहून दिल्या, तर दवाखान्यात परत जाऊन तिसरी कुठं गेली म्हणून विचारून आले.

आणि या माणसाला एक गाडी विकायची होती.

शेडमध्ये उसाच्या ट्रॉलीवर टाकतात तसल्या ताडपत्रीखाली ती उभी असायची. विलायती बनावटीची, दोन माणसांची, वर छत नाही, दारं नावाला. एवढी बुटकी, की आत बसलं तर रस्त्यावरच्या शेळीच्या डोळ्याला डोळा भिडावा. रंग एके काळी लाल असणार. "शर्यतीची हाय," आण्णा सांगायचे. "सिरसाळ्याकडच्या बापूसाहेबांची. हैदराबादेत शिकाया होते ते, तवा घेतलती. खाली दक्षिणेत लढाईच्या टायमाची इमानाची धावपट्टी होती बंद पडलेली, तिथं शर्यती व्हायच्या. मी मिस्त्री म्हणून संगट असायचो."

बापूसाहेब वारल्यावर त्यांच्या मुलानं गोठा रिकामा करताना गाडी भंगारवाल्याला दिली होती. भंगारवाला तुकडे करायला कटर घेऊन आला, त्याच दिवशी आण्णांनी ती त्याच्याकडून सोडवून आणली. एवढं गावालाही माहीत होतं. शर्यतीचं मात्र कुणी खरं धरत नव्हतं. मीही नाही. आपल्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात, सायकलींच्या होतात. सिरसाळ्याचा माणूस विलायती मोटार घेऊन विमानाच्या धावपट्टीवर पळवतो, हे जरा जास्तच वाटायचं.

"आण्णा, एखादा फोटो, कागद काही आहे का?"

"हाय की. कावून?"

"जाहिरातीत टाकू. असल्या गाड्यांचा इतिहास शाबीत झाला, की शौकीन लोक उड्या मारून घेतात."

"असू दे," असं म्हणून आण्णा विषय संपवायचे. नसणारच, असं मी मनात म्हणायचो.

जाहिरात मीच टाइप करून इंटरनेटवर टाकली होती. तिचं शेवटचं वाक्य आण्णांचं होतं, 'फुकट चौकशी करू नये.' तरी लोक यायचे. वर्षाला चार-पाच तरी. आण्णा प्रत्येकाला चहा पाजायचे, तासभर चौकशी करायचे आणि परत पाठवायचे.

पुण्याचा एक दलाल आला होता. पांढरा शर्ट, मनगटात कडं. त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि गाडीला लावलं. ते चिकटलं नाही. दुसरीकडं लावलं, तिथंही नाही. पूर्ण गाडीभर फिरवून तो विजयी मुद्रेनं म्हणाला, "आजोबा, सगळी पुट्टी भरलीय हो. पत्रा शिल्लकच नाही."

आण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "पत्रा अॅल्युमिनियमचा हाय. वजन कमी ठिवाया. शर्यतीच्या गाडीला तसाच असतोय. तुमी कशाचा धंदा करता म्हनले?"

दलालानं मागितलेला दुसरा कप त्याला मिळाला नाही.

नंतर दिंद्रुडचे एक पुढारी आले. निवडणूक जवळ आली होती, त्यांना मिरवणुकीसाठी गाडी हवी होती. आण्णांनी विचारलं, "शीटं दोनच हायत. तुमी आन् डायवर. बाकीचे कार्यकर्ते कुठं बसविता?"

"बॉनेटवर बसतील की चार-पाच."

आण्णांनी ताडपत्री ओढून घेतली. पुढारी पुढं बरंच बोलले, पण ताडपत्रीशी.

हळूहळू मला आण्णांचाच संशय येऊ लागला. किंमत विचारली तर सांगायचे नाहीत. कुणी आकडा बोललं तर "एवढा कावून देता?" म्हणायचे. ह्या माणसाला गाडी विकायचीच नाही, असं माझं मत झालं. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून जाहिरात देऊन माणसं बोलवायची आणि चहा पाजून पाठवायची, एवढाच उद्योग असावा. मी बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग ठेवा की जाहिरात, तुमचं काय जातंय?"

पण गेल्या वर्षी आण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहा बशीत सांडायला लागला. दर रविवारी ते इंजिन चालू करून बघायचे, ते महिन्यावर गेलं. एकदा पाना हातातून सुटून त्यांच्या पायावर पडला. मी उचलायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. संजू, जाहिरात हाय ना रे अजून?" पहिल्यांदाच त्यांनी संशय न घेता काहीतरी विचारलं होतं.

त्यानंतर वसुधाताई आल्या. पन्नाशीच्या, कोल्हापूरच्या. त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हेच त्यांचं काम. आल्या त्या बसनं. आण्णांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"मोटारीचा धंदा, आन् आला यष्टीनं. कावून?"

"माझी गाडी उघडून ठेवलीय," ताई म्हणाल्या. "आणि तुमची बघायची होती. तिथवर कशानं का येईना."

आण्णांनी पुढचा प्रश्न न विचारता ताडपत्री काढली. त्यांना सरळ उत्तराची सवय नव्हती.

वसुधाताईंनी चहा नको म्हणून सांगितलं, पिशवीतून पोतं काढून जमिनीवर अंथरलं, बॅटरी घेतली आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेल्या. पाऊण तास आमच्या नजरेला फक्त त्यांच्या चपला होत्या. आण्णा उभेच होते. मी दुकान सोडून आलो होतो, कारण चाललंय काय ते मला बघायचं होतं. ही बाई रात्री येऊन गाडी पळवणाऱ्या टोळीतली तर नसेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आण्णांच्या शेजारी राहून माणसाला एवढं होतंच.

ताई बाहेर आल्या, केसांना माती. मग त्या एकेका चाकापाशी बसल्या. चारही चाकं झाल्यावर म्हणाल्या, "खालचं सगळं मूळचंच आहे. शर्यतीसाठी केलेले बदलही दिसतात. पण आण्णा, मला एक कळलं नाही."

"काय?"

"चाकाच्या प्रत्येक नटाला भोक पाडून तार ओवलीय, पिळून बांधलीय. नट आपोआप ढिला पडू नये म्हणून विमानाच्या इंजिनाला करतात तसं. मोटारीच्या चाकाला असं कुणी करत नाही. हे का केलंय?"

बाहेर बीडची गाडी लागली होती, तिचा कंडक्टर ओरडत होता.

आण्णा स्टुलावर बसले. "अकरा वर्सं लोक येत्यात," ते म्हणाले. "हे कुनीच इचारलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, ताईंकडं बघून. एका मिस्त्रीनं दुसऱ्याला सांगावं तसं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पुढचं डावं चाक बदललं होतं. आण्णा तेव्हा एकवीस वर्षांचे. नट कसत असताना त्यांना इंजिनाकडं बोलावलं. शेजारच्या गाडीचा मिस्त्री ओळखीचा होता, एका ताटात जेवलेला. तो म्हणाला, तू जा, मी कसतो. आण्णा गेले. परत आल्यावर विचारलं, चाक कसलं का? तो म्हणाला, कसलं.

"मी पाना लावून बघितला न्हाई. कसलं म्हनला, मी व्हय म्हनलो."

चौथ्या फेरीला वळणावर चाक निघालं. गाडी दोन कोलांट्या खाऊन गवतात पडली. बापूसाहेब वाचले, पण उजवा हात खांद्यापासून कायमचा गेला. म्हणजे हात होता, कामाचा नव्हता. परत त्यांनी गाडी चालवली नाही.

"दवाखान्यात लोकांनी इचारलं, काय झालं? तर म्हनले, माझीच चूक, वळण चुकलो. सगळ्याला तेच सांगितलं. घरच्यालाबी. मला डेपोत चिकटवलं त्यांनीच. दिवाळीला गेलतो की जेवाया बसवायचे संगट, डाव्या हातानं खायचे. तीस-चाळीस वर्सं. एकदाबी चाकाचं नाव काढलं न्हाई. एकदा शिवी घातली असती ना ताई, तर लई बरं झालं असतं."

"आणि तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"न्हाई. त्यांना ठावं होतं. मला ठावं होतं की त्यांना ठावं हाय. मग ते गेले."

वसुधाताई पुन्हा चाकापाशी बसल्या. त्यांनी डाव्या चाकाच्या तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तार चांगली पिळलीय. मला एवढी सफाईनं जमत नाही."

आण्णा उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात सगळं होतं. गाडीवर लावायच्या नंबराची पत्र्याची थाळी, शर्यतीचे कागद, बिल्ले आणि फोटो. एका फोटोत गाडीच्या बॉनेटला टेकून एक देखणा तरुण हसत उभा होता. त्याचा हात शेजारच्या हडकुळ्या मिस्त्रीच्या खांद्यावर होता. मिस्त्री कॅमेऱ्याकडं बघत नव्हता, त्या तरुणाकडं बघत होता.

मला एकदम लाज वाटली. एवढी वर्षं मी ज्याला थाप समजलो, ते शेजारच्या भिंतीपलीकडं पेटीत होतं.

"आण्णा, हे आधी दाखवलं असतं तर गाडी कधीच गेली असती," मी म्हणालो.

"म्हनून तर न्हाई दावलं," आण्णा म्हणाले. "कागद बघून घेनारा कागद घेतो रे. गाडीच्या चाकाला हात कोन लावतंय?"

व्यवहार दोघांत ठरला. करारनामा मी टाइप केला आणि आण्णांनी त्याची झेरॉक्स नेहमीप्रमाणे ओळ न ओळ ताडून बघितली. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. पेटी त्यांनी ताईंना गाडीबरोबरच देऊन टाकली. फोटोसुद्धा. तो तरी ठेवा, असं ताई म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी वसुधाताई मोठा टेम्पो आणि चार नवे टायर घेऊन आल्या. जुने टायर गाडी चढवताना फुटले असते, म्हणून चाकं शेडमध्येच काढायची होती. आण्णांनी स्वतः पक्कड घेऊन तारा कापल्या. हाताला कंप होता, वेळ लागला, पण आम्हाला कुणाला जवळ येऊ दिलं नाही. टायर बदलून झाले, चाकं परत चढली. नट हातानं फिरवून बसवले गेले. आता फक्त कसायचे राहिले.

आण्णांनी भिंतीवरचा लांब पाना काढला. फडक्यानं पुसला. मला वाटलं, आता पुन्हा तासभर लागणार. पण त्यांनी तो वसुधाताईंच्या हातात दिला.

"तुमी कसा."

ताईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि कामाला लागल्या. मागची दोन्ही चाकं, मग पुढचं उजवं. डाव्या चाकाला त्यांनी जास्त वेळ घेतला, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. आण्णा शेडच्या दारात रस्त्याकडं तोंड करून उभे होते. मागं पान्याचा आवाज होत होता आणि ते बसस्टँडवरच्या माणसांकडं बघत होते.

"झालं, आण्णा. कसलं सगळं," ताई म्हणाल्या. "एकदा पाना लावून बघता?"

"तुमी कसलंय ना?"

"हो."

"मंग बास."

फळ्या लावून गाडी टेम्पोत चढवली. दोर बांधले, ताडपत्री टाकली. ताई आण्णांच्या पाया पडल्या, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नाही. टेम्पो वळला आणि रस्त्याला लागला. आण्णा दारातच होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांचा उजवा हात धोतराजवळ लोंबत होता. मला वाटलं, नेहमीचा कंप आहे. पण तो कंप नव्हता. मूठ वळलेली होती आणि पाना धरल्यासारखी सावकाश फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ती मूठ सदऱ्याच्या खिशात घातली.