काशिनाथअप्पा आणि परदेशी डोहाळे

काशिनाथअप्पा हॉटेलात कधीच पुढच्या दाराने शिरत नसत. मागच्या दाराने जायचे. आधी मोरी बघायची, मग भटारखान्यात घुसून प्रत्येक पातेल्यावरचं झाकण उचलून वास घ्यायचा, आणि मग खुर्चीवर बसायचं की तसंच घरी जायचं ते ठरवायचं. बहुतेक वेळा घरी जायचंच ठरे. बरोबर आलेला माणूस तोवर पुढे टेबलापाशी पाणी पीत बसलेला असे, आणि तो माणूस नेहमी मीच असे. उपाशीपोटी हॉटेलाची पायरी उतरण्यात मी अंबाजोगाईत पहिला नंबर काढला असता.

मी तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि मंडी बाजारामागच्या गल्लीत अप्पांच्या माडीवर भाड्याने राहायचो. खाली त्यांचं मसाल्याचं दुकान, दुकानामागे घर. देशाने नुकतंच खुलं धोरण आणलं होतं, आणि अप्पांच्या मते ते मी आणलं होतं. गोटी सोडा बंद होऊन रंगीत बाटल्या आल्या, की अप्पा जिन्याच्या तळाशी उभे राहून विचारणार, "इन्साफ सांगा सर, हे तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का?" कुणाच्या घरी रंगीत टीव्हीवर पन्नास चॅनेलं दिसायला लागली, तरी इन्साफ मीच सांगायचा. सरकारला जाब विचारायला दिल्लीला जावं लागतं. माझ्यासाठी त्यांना फक्त मान वर करावी लागे.

सगळ्यात जास्त राग खाण्याचा. एका लग्नात येसरच्या आमटीऐवजी पनीर वाढलं, तर अप्पा पंगतीतून ताडकन उठले. मराठवाड्यात लग्न म्हणजे येसर. धान्यं भाजून दळलेल्या त्या पिठाची दाट, तिखट आमटी भुरकली की लग्न लागलं. अप्पा नवरीच्या बापाला म्हणाले, "दूध नासलं की आमी फेकून देतोत. तुमी त्याचं लग्न लावायलात." नवरीचा बाप रडायच्या बेताला आला. त्याला समजावून सांगण्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

अप्पांची बायको नंदाच्या दहावीच्या वर्षी वारली. तेव्हापासून चूल अप्पांनीच सांभाळली. लिंगायत घर, सोवळंओवळं फार नाही, पण चवीचं सोवळं कडक. भाकरी त्यांच्यासारखी गल्लीतल्या बायकांनाही थापता यायची नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि खोटं नव्हतं. नंदाचं लग्न धारूरच्या मुलाशी झालं. मुलगा कॉम्प्युटरवाला. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच कंपनीने त्याला मलेशियाला पाठवलं, आणि नंदाही बरोबर गेली. अप्पांनी नकाशावर मलेशिया बघितला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाले, "हे बी तुमच्या धोरणातच बसतंय का?"

नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि खरं प्रकरण सुरू झालं. पाचवा महिना, पण पोटात काही ठरेना. येसरची आमटी समोर आली की ती मोरीकडे धावायची. धपाट्याचा वास नको, भाकरीचा नको. मसाल्याच्या दुकानामागे राहायचं आणि मसाल्याचा वास नको, म्हणजे पंचाईतच. अप्पांनी दुकानातला मसाला कुटायचा डंका बंद ठेवला. मिरची कांडायला आलेल्या बायकांना ते डोळ्याला डोळा न भिडवता "मशीन बिघडली" म्हणून सांगायचे. मशीन ठणठणीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरतंय, जे मागेल ते द्या.

त्यातच धारूरहून विहीणबाई आल्या. सुनेच्या गळ्याची हाडं बघून त्यांनी पदर खोचला.

"बिनबाईच्या घरात बाळंतपण कसं हुईल, अप्पा? तुमी बाप्या माणूस. मी नेती पोरीला."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय," अप्पा म्हणाले.

"माहेर म्हंजे आई असती."

अप्पांचं तोंड त्या एका वाक्यात बंद झालं. एरवी त्यांना गप्प करायला मला तीन वर्षांत जमलं नव्हतं. शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली. येत्या मंगळवारी त्या जीप घेऊन येणार. तोवर पोरगी जेवती झाली तर राहील, नाही तर धारूरला जाईल.

त्या संध्याकाळी अप्पांनी लेकीला विचारलं, काय खावंसं वाटतं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे त्यांना मसाल्याच्या भावाइतकं पक्कं ठाऊक होतं. नंदा आधी नको नको म्हणाली. मग खाली मान घालून म्हणाली, "तिथं सकाळी केळीच्या पानात भात मिळतो अप्पा. नासी लेमाक म्हणतात. आणि कोपऱ्यावर एका थाई बाईचं दुकान आहे, तिच्याकडचं आंबट सूप."

"भातात काय असतंय?"

"वर सुकी मासळी घालतात. पण आमच्या इमारतीखालचा चिनी माणूस बिनमासळीचा..."

मासळी हा शब्द ऐकून अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, आणि बाकीचं वाक्य ऐकायला ते घरात नव्हते. ते माझ्या जिन्याच्या तळाशी होते. "इन्साफ सांगा सर, माझ्या पोरीला काय काय बघायला लावलं तुमी."

पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते लातूर रोडवर निघाले. तिथे नुकतंच एक फॅमिली रेस्टॉरंट उघडलं होतं आणि त्याच्या बोर्डावर पंजाबी, चायनीज, थाई, मलेशियन असं ओळीने लिहिलं होतं. त्या एका दिवशी अप्पा माझ्यासोबत पुढच्या दाराने आत शिरले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अप्पांना त्या दिवशी शिस्त होती. आम्ही एक थाई करी आणि एक मलेशियन करी मागवली. एक हिरवी आली, एक लाल. हिरवीत पालक होता, लालमध्ये डब्यातल्या अननसाच्या फोडी. अप्पांनी दोन्ही हुंगल्या, आणि मला कळलं की शिस्त संपली.

ते भटारखान्यात गेले. मी पाणी प्यायलो. आतून आवाज आला, "एकच पातेलं? काय बे, तीन देश एका पातेल्यात शिजवतूस?"

आचारी धारूरकडचाच निघाला. तो बिचारा म्हणाला, "अप्पा, मालकानं बोर्ड रंगवून आणला. मी कदी परळीच्या पुढं गेलतो का? गिऱ्हाईक खातंय, कुणी कंप्लेंट केली न्हाई." अप्पा म्हणाले, कंप्लेंट कोण करणार, खाल्लंय कुणी ते. पण बाहेर आल्यावर रिक्षात ते बोटांवर दिवस मोजत बसले. मंगळवार तोंडावर आला होता आणि अख्ख्या जिल्ह्यात हे कुणाला येत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मग ते स्वतःच उभे राहिले. वास खाली जाऊ नये म्हणून स्टोव्ह माझ्या खोलीपुढच्या गच्चीवर आला. मला कुणी विचारलं नाही. नंदा खाली अंगणात खाटेवर बसून सांगणार, अप्पा वर रांधणार, आणि माझी नेमणूक मधल्या जिन्यात. खालचा निरोप वर, वरची शिवी खाली. शिव्या मी गाळून नेत होतो.

पहिला भात बिघडला, आणि तसा तो फक्त आमच्याकडचा माणूसच बिघडवू शकतो. नंदाने सांगितलं, नारळाच्या दुधात भात शिजवा. आमच्या भागात स्वयंपाकात नारळ म्हणजे सुकं खोबरं. ओला नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसाद म्हणून तुकडा तुकडा संपतो. अप्पांनी दुकानातलं खोबरं कुटून उकळलं आणि त्यात तांदूळ टाकले. भाताला डोक्याला लावायच्या तेलाचा वास आला. नंदाने एक घास तोंडात घातला आणि मोरी गाठली. अप्पा गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मला म्हणाले, "ती विहीण खरं बोलली काय, सर?" मी म्हणालो, ओला नारळ बघू.

देवळाबाहेरच्या दुकानातून आम्ही पिशवी भरून नारळ आणले. दुकानदाराने हात जोडून विचारलं, मोठा नवस फेडायचा का. अप्पा म्हणाले, "फेडायचा न्हाई, बोलायचाय." मग खोवणं, वाटणं, फडक्यातून पिळणं. खोवणी शेजारी राहणाऱ्या, मूळच्या कोकणातल्या तलाठीणबाईंकडून आणली. खोवताना हाताला लागलं ते माझ्या, हे इथे नोंदवून ठेवतो.

"भातात गवती चहाची पात गाठ मारून टाका म्हणते," मी वर जाऊन सांगितलं. "सूपातही तीच."

अप्पा परसात गेले. गवती चहाचं रान तिथे माजलं होतं. मूठभर उपटून आणलं आणि कठड्यावरून खाली ओरडले, "नंदे, गवत खायला इमानानं गेलतीस का गं?" लाल मिरची भिजवून, कांदा, चिंच आणि गूळ घालून तेलात मंद परतायची, वरून तळलेले शेंगदाणे आणि काकडीच्या चकत्या, हे ऐकल्यावर तर त्यांचा पारा आणखी चढला. "ठेचा, शेंगदाणे, काकडी, भात. सगळं माझ्या दुकानात हाय, परड्यात हाय. ह्याच्यासाठी माझी पोरगी समुद्राच्या पल्याड नेली? इन्साफ सांगा." चिडत होते आणि परतत होते. मिरची करपू नये म्हणून स्टोव्हची वात कमी करताना मात्र त्यांचा हात एकदम हलका व्हायचा. चव त्यांनी घेतली नाही. वासावरच सगळं केलं.

मंगळवारी विहीणबाईंची जीप दारात आली तेव्हा नंदा अंगणात केळीच्या पानावर जेवत होती. तिच्याकडे कुणी बघतंय याची तिला शुद्ध नव्हती. भात संपला, तिने पुन्हा मागितला. वाटीतलं सूप तोंडाला लावून प्यायली. विहीणबाई उंबऱ्यातच थांबल्या. मग जवळ बसून त्यांनी पानातला एक घास उचलून खाल्ला.

"नारळीभातावानी लागतंय," त्या म्हणाल्या. "गूळ इसरलात जणू." मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हा इथंच. डिंकाचे लाडू मी पाठवून देती. तेवढं तरी करू द्या, अप्पा."

जीप गेली. अप्पांनी आता गल्लीत साखर वाटायला हवी होती, निदान माझ्यावर तरी ओरडायला हवं होतं. ते वर गच्चीवर भांडी आवरत बसले होते. मी म्हणालो, "जिंकलात अप्पा. पोरगी पोटभर जेवली."

"जेवली. दोनदा मागून घेतलं." ते पातेल्याकडे बघत राहिले. "नंदाच्या येळंला तिच्या आईला शेपूची भाजी लागायची. तिच्या माहेरात करतेत तशीच लागायची, माझ्या आईच्या हातची चालायची न्हाई. डोहाळे घरच्या चवीचे लागतेत, सर. माझ्या पोरीला आमटी चालंना आन् हे गोड लागलं. म्हंजे घर कुठं झालं तिचं?"

मी म्हणालो, चार महिन्यांची गोष्ट आहे, पुन्हा भाकरी मागेल. ते ऐकतच नव्हते. मला फार वाईट वाटलं. ज्या भातासाठी त्यांनी चार दिवस रक्त आटवलं, त्यानेच त्यांना हे सांगितलं होतं.

मग त्यांनी पातेलं पुढे ओढलं. तळाशी भात उरला होता. त्यावर लाल मिरचीचं ते परतलेलं कालवण घेतलं आणि पहिल्यांदाच एक घास तोंडात घातला. चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला. गिळायला वेळ लागला. दुसरा घास घेतला.

"नाही आवडत तर खाता कशाला, अप्पा?"

"सवय लावून घ्यायला पायजे," ते म्हणाले. "उद्या पोरीनं बोलावलं तर तितं उपाशी बसू का?"

"नंदा काही म्हणाली का तसं?"

"अजून न्हाई," अप्पा म्हणाले, आणि पातेलं तिरकं करून तळाला चिकटलेला भात खरवडू लागले.