वेडा राघू आणि जेवायची सभ्य रीत

एका जंगलात, मुलांनो, एक पक्षी राहत होता. म्हणजे पूर्वी ते जंगल होतं. नंतर तिथं बंगला झाला, कुंपण झालं आणि बंगल्यामागे बाग राहिली. एक जाई, एक पेरू, थोडं अळू आणि कपडे वाळत घालायची एक तार, एवढीच ती बाग. पण तिथली मंडळी अजून तिला जंगलच म्हणायची. तुम्ही हसू नका. तुमच्या गॅलरीतल्या तीन कुंड्यांना तुम्हीही बाग म्हणता.

तर त्या तारेवर वेडा राघू बसायचा. हा पोपट नव्हे बरं का. चिमणीएवढा हिरवा पक्षी, लांब वाकडी चोच आणि शेपटीतून बाहेर आलेली एक बारीक काडी. त्याला वेडा कोणी ठरवलं कोण जाणे. डॉक्टरांनी तर नक्कीच नाही.

त्याचं काम असं. तारेवर बसायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. गांधीलमाशी उडताना दिसली की झेप घ्यायची, तिला चोचीत धरायचं आणि परत तारेवर यायचं. मग ठक, ठक, ठक. माशी तारेवर आपटायची. मग तिचं बूड तारेवर घासायचं, म्हणजे नांगी निघते आणि विष पुसलं जातं. त्यानंतरच गिळायची. त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं होतं. आधी नांगी, मग घास.

त्यामुळे त्या बागेत कित्येक उन्हाळ्यांत कोणाला डंख बसला नव्हता. इतका नव्हता, की डंख म्हणजे काय हेच सगळे विसरून गेले. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बागेत सगुणा नावाची कोंबडी होती. पिल्लांचं लेंढार घेऊन दिवसभर फिरायची. एके सकाळी तिच्या धाकट्या पिल्लानं तांदळाचा दाणा उचलला, दगडावर ठक ठक आपटला आणि मग खाल्ला.

सगुणा धावत त्याच्यापाशी आली.

"कुठं शिकलास रे हे?"

"राघूकाका असंच जेवतात."

सगुणा तडक सरडेरावांकडे गेली. सरडेराव पेरूच्या खोडावर राहायचे. बागेच्या सभेचे ते अध्यक्ष होते, कारण ते सारखी मान हलवायचे. सरड्याची जातच तशी. पण बोलणाऱ्याला वाटायचं, आपलं म्हणणं साहेबांना पटतंय. असा अध्यक्ष कोणाला आवडणार नाही? अध्यक्षांची मान हलली की ठराव मंजूर, अशी तिथली पद्धत होती.

"मी कोणाच्या ताटात डोकावणारी बाई नाही," सगुणा म्हणाली. "पण उघड्यावर, सकाळच्या वेळी, लहान मुलांसमोर आपटून आपटून जेवायचं? माझ्या मुलांवर काय संस्कार होणार?"

सरडेरावांनी मान हलवली आणि सभा भरली.

सभेत आधी दयाळबुवा बोलले. हा काळापांढरा पक्षी पहाटे गातो. गातो म्हणून सगळ्याच बाबतींत त्याचं मत विचारलं जायचं.

"किडे मीही खातो," बुवा म्हणाले. "पण आजवर कोणाला कळलं का? माझ्या रियाझाच्या वेळी यांची ठकठक चालते. तीही ठेक्यात नसते."

मग ताईसाहेब आल्या. ही गांधीलमाश्यांची राणी. पिवळं नेसलेली, बारीक कंबरेची, बोलायला गोड. आल्या आल्या त्यांनी सगुणाच्या एकेका पिल्लाचं नाव विचारलं. मग त्या सभेकडे वळल्या.

"मंडळी, आमच्यापैकी कोणी तुमच्यापैकी कोणाला कधी डसलं आहे का? डसलं असेल तर त्यानं पुढे यावं."

कोणी पुढे आलं नाही. येणार कसं? डसायला निघालेली प्रत्येक जण वाटेत तारेवर पोचली होती.

"माझ्या लेकी गेल्या, त्याबद्दल मी काही म्हणत नाही," ताईसाहेबांनी डोळे पुसले. "ज्याला त्याला पोट आहे. राघूभाऊंनी उपाशी राहावं असं मी कसं म्हणेन? त्यांनी खुशाल खावं. फक्त आपटू नये. चार लोक जेवतात तसं शांतपणे जेवावं. माझं एवढंच मागणं आहे."

सभेला गहिवरून आलं. जिला खातात तिनं इतकं समंजस असावं, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

राघू तारेवरून खाली उतरला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती.

"पण आधी नांगी काढावी लागते," तो म्हणाला.

"आई, नांगी म्हणजे काय?" धाकट्या पिल्लानं विचारलं.

सगुणानं त्याला पंखाखाली घेतलं. "बघा साहेब, मुलांसमोर कसले शब्द वापरतात ते."

"नांगी राहिली तर ती घशात लागते," राघू म्हणाला. "घरी माझी पिल्लं आहेत. त्यांच्या घशात कशी घालू?"

"इतक्या सालस बाईंबद्दल असं बोलवतं तरी कसं?" दयाळबुवा हळहळले.

सरडेरावांनी मान हलवली. ठराव मंजूर झाला. बागेच्या हद्दीत कोणीही आपलं अन्न आपटून खाऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, पक्षी आहे, जावं उडून. त्याची बायको राघीणही तेच म्हणाली.

"उठा, चला. तारा काय, कुठंही मिळतील."

पण राघूचं घरटं झाडावर नसतं. तो मातीत बीळ खणतो. कुंपणाजवळच्या मातीच्या बांधात त्यांचं बीळ होतं आणि आत तीन पिल्लं होती, अजून उडता न येणारी. बीळ उचलून नेता येत नाही. आणि दुसरं काही खायला घालावं, तर फुलपाखरं म्हणजे बागेची शोभा, आणि बाकी जे काही राघू पकडायचा ते त्याला आपटूनच मऊ करावं लागायचं.

शिवाय राघू कायदा पाळणारा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एक गांधीलमाशी पकडली, तारेवर येऊन बसला आणि डोळे मिटून तशीच गिळली. सगळी बाग बघत होती.

"झालं की नाही?" सगुणा म्हणाली. "मनावर घेतलं की सगळं जमतं."

राघूचा घसा आतून सुजला. चोच मिटेना, आवाज फुटेना. तो तारेवर नुसता बसून राहिला. त्याच्या स्वभावात केवढा फरक पडला, असं सगळे कौतुकानं बोलू लागले.

मग राघीण एकटीनं राबू लागली. कुंपणाबाहेर, माळाच्या पार टोकाला, एक वठलेली बाभूळ होती. माशी पकडून ती तिथं न्यायची, आपटायची, घासायची आणि मग परत बिळाशी यायची. एकेका घासासाठी एवढी फेरी. त्यात आजारी नवऱ्याच्या चोचीत पण दोन घास घालायचे. बिळातून येणारा पिल्लांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. बागेला ते बरंच वाटलं. शांत शेजार सगळ्यांनाच हवा असतो.

पिल्लांना पंख फुटले तेव्हा बिळातून दोनच बाहेर आली. राघीण बिळाच्या तोंडाशी बराच वेळ बसून होती. मग ती चौघं उडून बाभळीवर राहायला गेली. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण गोष्ट आहे तशीच सांगायला हवी.

बागेत शांतता पसरली. दयाळबुवांनी शांततेवर एक मोठं गाणं रचलं आणि ते दिवसभर गात राहिले.

इकडे ताईसाहेबांच्या संसाराला बरकत आली. एक पोळं तारेच्या टोकाशी झालं, एक जाईत झालं आणि एक थेट सगुणाच्या खुराड्याच्या दारावर. धाकटं पिल्लू सकाळी धावत बाहेर आलं आणि त्याच्या डोळ्यावर डंख बसला. डंखाचा काही आवाज होत नाही, मुलांनो. आवाज झाला तो पिल्लाच्या रडण्याचा.

ताईसाहेब स्वतः विचारपूस करायला आल्या.

"फार वाईट वाटलं हो. पण बाळ धावत आलं ना, आमच्या मुली घाबरल्या. त्याला जरा हळू चालायला शिकवा."

सगुणाला पटलं. तिनं मुलांना हळू चालायला शिकवलं. मग दुपारचं बाहेर न पडायला शिकवलं. मग खुराडं सोडून अळवाखाली झोपायला शिकवलं. दर वेळी ताईसाहेब इतक्या अदबीनं बोलायच्या, की नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

पुढे एका पहाटे दयाळबुवांच्या गळ्याला डंख बसला आणि आलाप अर्ध्यावर राहिला. मग मात्र सभा भरली. कोंबडीच्या पोराचं काय, चालायचंच, पण ही संगीताची हानी होती. ठराव एकच होता. राघूला परत बोलवावं आणि त्याला हवं तेवढं आपटू द्यावं. या वेळी सगळे एकमताचे होते. सगळ्यांनी सरडेरावांकडे पाहिलं.

सरडेरावांची मान हलेना. आदल्याच दिवशी त्यांना मानेवर डंख बसला होता आणि मान सुजून ताठ झाली होती. साहेब जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होते. डोळ्यांतून पाणी आलं, शेपूट थरथरली, पण मान काही हलली नाही. पद्धत म्हणजे पद्धत. ठराव फेटाळला गेला.

"सभेचा निर्णय आहे," ताईसाहेब म्हणाल्या. "तो आपण सगळ्यांनीच पाळायला हवा."

सगुणाला राहवेना. पिल्लाला घेऊन ती कुंपण ओलांडून, हळू चालत, माळावरच्या बाभळीखाली गेली. वर राघू बसला होता. त्याचा आवाज परत आला नव्हता, पण चोच चालू लागली होती. दोन्ही पोरांना तो आपटायला शिकवत होता.

"राघीणबाई," सगुणानं हाक मारली. "सभेनं बोलावलं नाही, पण मी बोलवायला आले. या हो परत. माझ्या पोराचा एक डोळा उघडत नाही."

राघीण खालच्या फांदीवर आली. तिनं पिल्लाचा मिटलेला डोळा पाहिला.

"माझी तीन होती," ती म्हणाली.

सगुणानं मान खाली घातली. आईला आईचं कळतं, मग ती कोंबडी का असेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही या. हवं तिथं बसा, हवं ते खा. मी कोणाला काही बोलू देणार नाही." मग तिनं आपल्या पिल्लाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फक्त ते आपटायचं तेवढं जरा बेतानं. पोरं बघतात."

राघीण वर उडाली. थोड्या वेळानं फांदीवरून आवाज आला. ठक, ठक, ठक.

"आई," एक डोळा मिटलेलं पिल्लू म्हणालं, "किती बरं वाटतं गं हे ऐकायला."

सगुणानं त्याला पटकन पंखाखाली घेतलं, त्याला ते ऐकू येऊ नये म्हणून.

तात्पर्य, मोठ्यांनी मुलांकडून पाठ करून घ्यावं असं: डंख मारायचा तर गोड बोलून मारावा, म्हणजे लोक आपण होऊन हळू चालायला शिकतात. दुसऱ्याची नांगी काढायचं वेड ज्याला असेल, त्यानं ती आवाज न करता काढावी. तशी ती निघत नाही, हा त्याचा दोष. त्यानं पलीकडच्या माळावर राहावं. म्हणजे आपल्याला त्याची आठवण काढून हळहळता येतं आणि मुलांचे संस्कारही शाबूत राहतात.